पुण्यात फायनान्शियल ॲडव्हायजर व्हायचंय? परीक्षेच्या आधी घरखर्चाचं बघा

आधी हिशोब मांडू, कारण बाकी सगळं लोक भरभरून सांगतात आणि नेमकं हेच गाळतात. समजा तुम्ही म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्यूटर (म्हणजे फंड विकून कमिशन घेणारा) झालात आणि पहिल्याच महिन्यात ४० जणांच्या ५,०००-५,००० च्या एसआयपी सुरू करून टाकल्या (होत नाही हो असं, पण धरून चालू). महिन्याला २ लाख, वर्षाला २४ लाख. इक्विटी फंडात ट्रेल कमिशन (पैसे फंडात असेपर्यंत दरवर्षी मिळणारं) आपण ०.८ टक्के धरू. पण ते २४ लाख काही वर्षभर तुमच्या बुकमध्ये (क्लायंटच्या एकूण गुंतवणुकीत) नव्हते, थोडे थोडे साठत गेले, सरासरी काढली तर १३ लाख येतात. त्याचे ०.८ टक्के म्हणजे १०,४०० रुपये. महिन्याचे नाहीत, अख्ख्या वर्षाचे! कोथरूडमध्ये वन बीएचकेचं एका महिन्याचं भाडं त्यात निघत नाही. एकही एसआयपी बंद पडली नाही आणि बाजाराची वाढ बाजूला ठेवली तर तिसऱ्या वर्षाअखेर ७२ लाख जमतात, त्यावर महिन्याला पुरते पाच हजारसुद्धा येत नाहीत. महिना ५० हजार पाहिजे असतील तर बुक साडेसात कोटींचं लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिली तीन वर्षं तगायची सोय असेल तरच उडी मारा. घरात दुसरा पगार चालू असेल, किंवा तीन वर्षांचा घरखर्च एफडीत पडून असेल, तर ठीक. मगरपट्ट्यातल्या फ्लॅटचा ईएमआय डोक्यावर आहे, मुलाची शाळा आत्ताच सुरू झालीये आणि बॉसचा वैताग आलाय म्हणून हे करायचंय, तर आत्ता नको. नोकरी चालू ठेवून परीक्षा द्या, शनिवार-रविवार लोकांना भेटा. फक्त कंपनीच्या नियमात दुसरा धंदा चालतो का ते आधी बघून घ्या, आयटीवाल्यांनी तर नक्कीच.

आणि जुन्या लोकांकडे बघून हिशोब करू नका. ऑगस्ट २००९ पर्यंत एंट्री लोड होता, म्हणजे गुंतवणुकीतून आधीच कापली जाणारी रक्कम, त्यातून सुरुवातीलाच पैसे हातात यायचे, तो सेबीने (बाजाराच्या नियामकाने) बंद केला. मग ऑक्टोबर २०१८ मध्ये अपफ्रंट, म्हणजे सुरुवातीला एकदम मिळणारं कमिशनही बंद झालं, तेव्हापासून सगळा कारभार ट्रेलवर. ज्यांचं आज मस्त चाललंय त्यांचं बुक त्या काळापासून साठत आलंय, तुम्ही शून्यावर आहात.

आता रस्ते कुठले. एक म्हणजे बँकेत रिलेशनशिप मॅनेजर. पगार पहिल्या महिन्यापासून, पण टार्गेटही पहिल्या महिन्यापासून, आणि मार्च आला की ज्या काकांना एफडी रिन्यू करायचीये त्यांच्या गळ्यात युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र) मारायला लावतात. मला हे काम आवडत नाही, पण अनोळखी माणसाशी पैशाबद्दल बोलायचं कसं हे तिथे पगार घेऊन शिकता येतं, त्यामुळे विशी-पंचविशीतल्या मुलांना मी सांगतो जा, दोन वर्षं काढा आणि निघा.

दुसरा रस्ता डिस्ट्रिब्यूटरचा. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची फाइव्ह-ए परीक्षा द्यायची, १०० मार्क, पासिंगला ५०, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. नीट वाचलं तर होते, त्याचं फार टेन्शन घेऊ नका. मग ॲम्फीकडे (फंड कंपन्यांच्या संघटनेकडे) रजिस्ट्रेशन, तिथून एआरएन हा तुमचा नोंदणी नंबर मिळतो, आणि मग फंड कंपन्यांशी एम्पॅनलमेंट, म्हणजे त्यांचे फंड विकायचा करार. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, नंतर रिन्यू करावं लागतं. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात, एआरएन असला म्हणून व्हिजिटिंग कार्डावर 'फायनान्शियल ॲडव्हायजर' किंवा 'वेल्थ ॲडव्हायजर' छापता येत नाही, सेबीला चालत नाही. 'म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्यूटर' एवढंच लिहायचं, भारी वाटत नाही पण तेच बरोबर आहे.

तिसरा रस्ता सेबी रजिस्टर्ड इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायजर, म्हणजे आरआयए, आणि खरा सल्लागार तो हाच. २०१३ च्या रेग्युलेशन्सखाली येतो. परीक्षा दोन, टेन-ए आणि टेन-बी, पासिंग ६० टक्के आणि निगेटिव्ह मार्किंग आहे, इथे मात्र बसून अभ्यास लागतो. पूर्वी नेटवर्थची आणि अनुभवाची अट होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये काढली, आता १५० क्लायंटपर्यंत १ लाखाचं डिपॉझिट ठेवायचं. कमिशन एक रुपया घ्यायचा नाही, क्लायंटकडून फी घ्यायची. फिक्स्ड फी ठेवली तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० पर्यंत, ॲसेटवर, म्हणजे क्लायंटच्या गुंतवणुकीवर घेतली तर वर्षाला अडीच टक्क्यांपर्यंत. आणि एकाच कुटुंबाकडून फीपण घ्यायची आणि त्यांनाच फंड विकून कमिशनपण घ्यायचं असं जमत नाही, काय ते एक ठरवा.

कागदावर आरआयए सगळ्यात स्वच्छ, आणि पुण्यात सगळ्यात अवघड. का? कारण फी. संवाद असा होतो:

"तुमची फी किती?"
"वर्षाला पंधरा हजार."
"पंधरा हजार? नुसतं सांगायचे?"

पुढे ते सांगतात की त्यांचा एलआयसीवाला एवढ्या वर्षांत एक पैसा न घेता घरी येतो, वर दिवाळीला कॅलेंडर देतो. आता त्या माणसाला प्रीमियममधून किती कमिशन मिळालं हे तुम्हाला माहितीये, पण पहिल्या भेटीत तो विषय काढू नका, तो बहुतेक त्यांचा मावसभाऊ असतो. उपाय एकच मला दिसलाय, फी आधी सांगायची, तोंडी नाही तर लिहून, आणि त्यात काय मिळणार तेही लिहायचं. हिंजवडी-खराडीतली तिशी-पस्तिशीची जोडपी देतात फी, कारण एसॉप (कंपनीकडून कर्मचाऱ्याला मिळणारे शेअर), परदेशातले शेअर्स, घर आधी घ्यायचं की नाही असले प्रश्न त्यांच्याकडे असतात आणि ऐकायला कोणी नसतं. पेठेतला निवृत्त माणूस सहसा नाही देत, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

त्या पिढीचा संशय उगाच आलेला नाही. रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये लायसन्स रद्द केलं, मधली इतकी वर्षं इथल्या कितीतरी घरांचे पैसे अडकून होते. ठेवींचा विमा १ लाखाचा ५ लाख झाला तोही २०२० मध्ये. भिशी बुडालेली, पतसंस्था बुडालेली, असा एक तरी किस्सा प्रत्येक सोसायटीत आहे. त्यामुळे तुम्ही "सर, बारा टक्के कुठे गेले नाहीत" म्हणालात की समोरचा मनातून उठलेला असतो, चहा तेवढा पाजतो. खात्रीचा आकडा द्यायचाच नाही. नियमातही बसत नाही आणि इथे खपतही नाही.

पहिल्या भेटीला काय करायचं? फंडांचं पत्रक घेऊन जाऊ नका. कोरा कागद आणि पेन न्या आणि "घरातले सगळे कागद एकदा बघू का?" एवढंच विचारा. मग आतून एक साड्यांच्या दुकानाची पिशवी येते. त्यात एलआयसीच्या पॉलिसी, त्यातल्या दोन कधीच मॅच्युअर झालेल्या, पोस्टाची एनएससी, कुठल्यातरी कंपनीचे फिजिकल शेअर, पीपीएफचं पासबुक ज्यात एंट्री कित्येक वर्षांपूर्वीची, आणि रबरबँड वितळून चिकटलेल्या एफडीच्या पावत्या. सगळं टेबलावर मांडायचं आणि एका पानावर लिहून काढायचं: काय आहे, कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण, कधी संपतंय. एवढं झालं की काकू हमखास म्हणतात, "अहो, हे यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं." नॉमिनीत लग्नाआधीच्या खात्यात अजून आईचं नाव असतं, आई जाऊन दहा वर्षं झालेली. ते पान त्यांच्याकडे ठेवून निघा, काही विकू नका. परत बोलावतात, सगळे नाही, पण जे बोलावतात ते टिकतात.

काम खरं किती आणि कशाचं असतं तेपण ऐका. शेअर बाजाराचा अभ्यास दिवसातला थोडासा, बाकी केवायसी, म्हणजे क्लायंटच्या ओळखीची कागदपत्रं. पॅनवर लग्नानंतरचं नाव, बँकेत माहेरचं, आधारवर मधलं नाव गायब, आणि मग केवायसी 'ऑन होल्ड'. मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) रिजेक्ट, सही जुळत नाही, मोबाइल नंबर बदलला. यात वैताग येणारा माणूस असाल तर हा धंदा सोडा, खरंच. आणि कुणी गेलं की ट्रान्समिशनचं, म्हणजे गुंतवणूक वारसांच्या नावावर करायचं काम येतं. फॉर्म, डेथ सर्टिफिकेट, वारसांची केवायसी, बँकेचा शिक्का, आणि समोर बसलेल्या बाईंना यातलं काहीच कळत नसतं आणि कळून घ्यायची ती वेळही नसते. या कामाचं वेगळं कमिशन नाही. तरी हेच आधी करायचं, दुसरी मीटिंग पुढे ढकलून.

"ॲपवर डायरेक्ट प्लॅन मिळतो, मग तुम्ही कशाला?" हे तुम्हाला दर आठवड्याला ऐकावं लागणार, आत्ताच उत्तर तयार ठेवा. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या कमिशनशिवायचे, जानेवारी २०१३ पासून आहेत, खर्च कमी आहे, लपवण्यासारखं काही नाही. जो स्वतः वाचतो आणि पडझडीत हात लावत नाही त्याला मी सांगतो की तुम्ही डायरेक्टच करा. पण मार्च २०२० आठवा. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांच्या वर जाऊन आला होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या आठवड्यात फोन उचलायचं काम होतं, दुसरं काही नाही. "सगळं काढून टाका" म्हणणाऱ्याला उपदेश करायचा नाही, "हे पैसे पुढच्या दोन वर्षांत लागणार आहेत का?" एवढंच विचारायचं. लागणार असतील तर ते मुळात इक्विटीत टाकायलाच नको होते आणि ती चूक आपली. असा फोन आलाच नाही पाहिजे याची काळजी पैसे लावताना घ्यायची.

गिऱ्हाईक कुठून आणायचं याचं लोक फार पुस्तकी सांगतात. नातेवाईकांपासून सुरू करू नका असं माझं मत, आत्याचे पैसे खाली गेले की प्रत्येक लग्नात तेच ऐकायचं. भोसरी, चाकणच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांकडे जा, तिकडे कोणी फारसं फिरकत नाही. त्यांना दर महिन्याची एसआयपी झेपत नाही कारण पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, त्यांना लिक्विड फंड (थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायचा) समजावून सांगा आणि धंद्याचे आणि घरचे पैसे वेगळे करून द्या. मुळशी-मावळकडे जमीन विकलेली घरं असतात, तिथे मात्र चेक क्लिअर व्हायच्या आत दहा जण येऊन बसलेले असतात, तुम्ही अकरावे होऊ नका. ओळखीतून बोलावणं आलंच तर सहा महिने पैसे कुठे सुरक्षित ठेवायचे एवढंच सांगा.

आणि सुरुवात कधी करायची याला पुण्यात अर्थ आहे. श्रावण संपला की "गणपती होऊन जाऊ दे", मग पितृपक्षात कोणी सही करत नाही, मग दसऱ्याला एखादी एसआयपी मुहूर्त म्हणून, आणि मग सरळ "दिवाळीनंतर बोलू". जानेवारी ते मार्च पूर्वी ईएलएसएसची (कर वाचवणाऱ्या फंडांची) गर्दी असायची, पण २०२३-२४ पासून नवी करप्रणाली डिफॉल्ट झाली, तिच्यात ती सूट नाही, आणि तो सीझन बारीक झाला. म्हणून परीक्षा, एआरएन, एम्पॅनलमेंट हे सगळं पावसाळ्यात उरकून ठेवा आणि भेटी नोव्हेंबरपासून लावा, तेव्हा लोक घरी असतात आणि बोनस अजून खात्यात असतो.