बेळगाव भागात विजेचे आणि पाण्याचे बिल आटोक्यात ठेवताना

सीमाभागातील मराठी घरांमध्ये वाहिन्या मुंबईच्या पाहिल्या जातात, सल्ला चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांचा घेतला जातो आणि विजेचे बिल मात्र हेस्कॉम या कर्नाटकच्या वीज कंपनीकडून येते. त्यामुळे बिल कमी करण्याचे जे उपाय मराठीतून कानावर पडतात, ते बहुतेक महावितरणच्या ग्राहकांसाठी असतात. तिकडे १०० आणि ३०० युनिटांचे टप्पे असल्यामुळे ‘टप्पा ओलांडू नका’ हा सल्ला योग्य ठरतो. कर्नाटकात एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेचे टप्पे रद्द होऊन सरसकट एकच दर लागू झाला आहे आणि तो युनिटला सुमारे ६ रुपये आहे. आपल्याकडची खरी रेषा गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची आहे. ती आपल्या घरासाठी नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय नवा पंखा किंवा सौर बंब घेण्यात अर्थ नाही.

जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या या योजनेत २०० युनिटे सर्वांनाच फुकट आहेत, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात २०२२-२३ या वर्षातील आपली मासिक सरासरी आणि तिच्यावर १० टक्के एवढाच आपला हक्क असतो. सरासरी ४८ युनिटांच्या आत असलेल्यांना टक्केवारीऐवजी सरळ १० युनिटे जादा मिळतात, तर ज्या जोडणीची जुनी नोंदच नाही तिला ५८ युनिटे मिळतात. समजा आपली सरासरी ११० होती. मग हक्क १२१ युनिटांचा. एप्रिलमध्ये वापर १६५ झाला, तर वरच्या ४४ युनिटांचे पैसे भरावे लागतात, म्हणजे साधारण अडीचशे-तीनशे रुपये. तोच वापर २०० ची मर्यादा ओलांडून २०५ झाला, तर सवलत पूर्णपणे जाते आणि सगळ्या २०५ युनिटांचे, शिवाय स्थिर आकार व कर धरून, बिल हाती पडते. शेवटची ती पाच युनिटे हजार रुपयांना पडतात. म्हणून उन्हाळ्याचे दोन-तीन महिने ज्यांचा वापर १८० ते २२० च्या दरम्यान फिरतो, त्यांना बचतीचा सर्वांत मोठा मोबदला मिळतो. ज्यांचे बिल आधीच शून्य येते, त्यांनी केवळ बिलासाठी महागडी उपकरणे बदलण्याची घाई करू नये. भाड्याने राहणाऱ्यांनी घर सोडताना जुन्या आर.आर. नंबरशी, म्हणजे बिलावरील ग्राहक क्रमांकाशी, जोडलेले आपले आधार सोडवून घ्यावे, नाहीतर नव्या घरी सवलत मिळताना अडचण येते.

बिलावरील मजकूर कानडीत असला तरी पाहण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत. ‘हिंदिन मापन’ म्हणजे मागील नोंद, ‘इंदिन मापन’ म्हणजे चालू नोंद आणि ‘बळके’ म्हणजे या दोहोंतील फरक, अर्थात वापरलेली युनिटे. ‘निगदित शुल्क’ हा मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटमागे लागणारा स्थिर आकार आहे. वीज वापरा अथवा वापरू नका, सवलतीबाहेर गेलात की तो भरावाच लागतो. घर बांधताना ठेकेदाराने चार-पाच किलोवॅट भार मंजूर करून घेतलेला असतो आणि पुढे वरचा मजला रिकामा पडतो, तरी आकार चालूच राहतो. अशा घरांनी भार कमी करून घेण्याचा अर्ज उपविभागीय कार्यालयात द्यावा. ‘बाकी’ काय ते सांगायला नको.

आता मीटरकडे वळू. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर आकडे एकामागून एक फिरत असतात. त्यांतील केडब्ल्यूएच असे लिहून येणारा आकडा तेवढा आपल्या कामाचा. बिलाच्या तारखेनंतर पंधराव्या दिवशी तो कॅलेंडरवर टिपून ठेवावा, कारण अर्ध्या महिन्यात १०५ युनिटे झाली असतील तर उरलेल्या पंधरवड्यात हात आखडता घेण्यास वेळ असतो. बिल आल्यावर तो नसतो. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि जवळच एका युनिटाला किती वेळा लुकलुकेल तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. अशा मीटरवर दिवा मिनिटाला ४ वेळा लुकलुकला, तर घरात त्या क्षणी ७५ वॅट वीज वाहते आहे, म्हणजे एक जुना पंखा. दुपारी घरातील सगळी बटणे बंद करून, फ्रिज व इन्व्हर्टरचे प्लग काढून, मुख्य स्विच मात्र चालू ठेवून या दिव्यासमोर पाच मिनिटे उभे राहावे. दिवा तरीही लुकलुकत असेल, तर कुठेतरी वायरिंगमधून वीज गळते आहे किंवा शेजारच्या खोलीला दिलेली जोडणी विसरली गेली आहे. दोन्ही गोष्टी जुन्या वाड्यांत सापडतात. मग इन्व्हर्टर एकट्यानेच लावून पाहावा: बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि करंट गेलेला नसतानाही तो बरीच वीज ओढत असेल, तर बॅटरीचे आयुष्य संपत आले आहे.

आपल्या हवेत सर्वाधिक युनिटे उकाड्यावर जातात. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो आणि दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटे खातो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या नव्या मोटारीचा, पंखा ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो आणि ११ युनिटांत भागवतो. तीन पंखे बदलले तर महिन्याला सुमारे ४८ युनिटे वाचतात, आणि २०० च्या काठावरील घराला एवढी बचत अलीकडे आणण्यास पुरेशी असते. मात्र पाहुण्यांच्या खोलीतील, वर्षातून चार दिवस फिरणारा पंखा बदलणे म्हणजे पैसे गुंतवून विसरणे होय. जो पंखा सर्वांत जास्त फिरतो, तो आधी बदलावा. तोपर्यंत भिंतीवरचा जुना, गरम होणारा डबा-रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला तरी चालेल. जुन्या डब्यात पंखा हळू फिरला तरी वाचलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो.

त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे उष्णता घरात येऊच न देणे, आणि याबाबत बेळगाव नशीबवान आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे एप्रिलमध्ये दुपार तापली तरी रात्र निवते आणि संध्याकाळी घाटाकडून वारा सुटतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पश्चिमेच्या व दक्षिणेच्या खिडक्या आणि पडदे बंद करावेत. सूर्य कलल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे भिंतींत साठलेली उष्णता रात्रभरात निघून जाते. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून रात्री डासांमुळे बंद करण्याची आपली सवय नेमकी उलटी आहे. जाळी बसवणे हा खर्च पंख्याच्या खर्चाआधी करावा. स्लॅबच्या घरावर होळीच्या आधी पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारल्यास वरच्या मजल्यावरील खोलीत फरक लगेच जाणवतो. खानापूरकडील कौलारू घरांना त्याची फारशी गरज नसते, पण कौलांच्या जागी पत्रे आले असतील तर त्यांखाली छत घालणे अटळ आहे. अथणी, रायबाग, चिकोडीकडे हवा कोरडी असल्यामुळे मार्च ते मे या काळात कूलर उत्तम काम करतो आणि एसीच्या तुलनेत अगदी थोडी वीज घेतो. मात्र तो खिडकीत, बाहेरची हवा आत घेईल असा ठेवावा आणि दुसरी खिडकी उघडी असावी. बंद खोलीत ठेवलेला कूलर तासाभरात नुसता दमटपणा वाढवतो. खानापूरच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमीच. एसी असेल तर २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा संथ चालवावा. प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

गिझरबद्दल एक हिशेब लक्षात ठेवावा. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते आणि २००० वॅटच्या गिझरला त्यासाठी सतरा-अठरा मिनिटे पुरतात. पहाटे पाचला बटण दाबून आठपर्यंत चालू ठेवण्याचे कारण नाही. सर्वांनी एकामागून एक अंघोळी उरकाव्यात. तापमान ५० अंशांवर ठेवल्यास वीज वाचते आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार कॉइलवर कमी चढतो. ज्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब अजून आहे आणि परसात नारळाच्या झावळ्या व करवंट्या पडत आहेत, त्यांनी तो भंगारात देऊ नये. फ्रिज भिंतीपासून वीतभर दूर असावा आणि दाराचे रबर ढिले नसावे, एवढे पुरे. सेट-टॉप बॉक्स बटणावरून बंद करावा. मोबाइल चार्जरवरून घरात वाद घालण्याइतकी मात्र त्यात वीज नाही.

पाण्याचा खर्च दोनदा होतो, हे आपण विसरतो. नळाचे पाणी खालच्या टाकीत येते आणि मोटार ते गच्चीवर चढवते, म्हणजे वाया गेलेल्या प्रत्येक घागरीबरोबर वीजही जाते. बोअरच्या सबमर्सिबलला तर एका अश्वशक्तीमागे तासाला पाऊण ते एक युनिट लागते. गच्चीवरची टाकी भरून वाहताना कोणीतरी धावत जाऊन बटण बंद करणे ही रोजची कवायत असेल, तर पाणी पातळी पाहून आपोआप बंद होणारा स्विच बसवावा. तो पैसे लवकर फेडतो. टाकी पूर्वीएवढ्याच वेळात भरत नसेल, तर पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, गळते का ते पाहावे.

ज्या वॉर्डांत चोवीस तास पाणी आणि मीटर आहे, तेथे गळती शोधणे सोपे आहे. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपावा आणि पहाटे कोणी उठण्यापूर्वी पुन्हा पाहावा. तो हलला असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. पहिला संशय संडासाच्या फ्लश टाकीवर घ्यावा. टाकीचे झाकण उघडून आत निळ्या शाईचे काही थेंब टाकावेत आणि वीस मिनिटे कोणी फ्लश ओढू नये. भांड्यात निळसर पाणी उतरले, तर तळाचा वॉशर झिजलेला आहे. ही गळती आवाज करीत नाही, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडे ठेवून मोजावे: तासाला एक लिटर जमले तर महिन्याला ७०० लिटरहून अधिक पाणी गेले. घरात माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण धरल्यास पाच माणसांना महिन्याला सुमारे २० हजार लिटर पुरावेत. बिलात त्याहून फार जास्त दिसत असेल, तर वापराआधी गळती तपासावी.

ज्या भागांत काही दिवसांआड पाणी येते, तेथे वेगळीच नासाडी चालते. राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे ताजे पाणी आले की पिंप भरण्यासाठी ‘शिळे’ पाणी गटारात ओतले जाते. झाकून ठेवलेले पाणी चार-पाच दिवसांत खराब होत नाही. ते धुण्याला, फरशीला व झाडांना वापरावे आणि पिंप आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात. शॉवरला मिनिटाला आठ-दहा लिटर लागतात, बादलीची अंघोळ वीस लिटरांत होते. पिण्याच्या पाण्यातील क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील, तर केवळ क्षारांसाठी आरओची आवश्यकता नाही. ते यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देते. आरओ असेलच तर त्याची नळी बादलीत सोडावी.

परसात आड किंवा विहीर असलेल्या घरांनी छपराचे पाणी तिच्याकडे वळवण्याचा विचार मृगापूर्वी करावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बेळगाव शहरात वर्षाला हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ८० चौरस मीटरच्या स्लॅबवरून, वाया जाणारे वजा करूनही, साठ हजार लिटरहून अधिक पाणी मिळू शकते. अथणीकडे त्याच्या निम्मे धरावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडून, पुढचे खडी-वाळूच्या गाळणीतून न्यावे. हे शहर विहिरींवर जगलेले आहे: १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ओळखीची आहे.

राहिला प्रश्न गच्चीवरील सौर पॅनेलचा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि आपल्या उन्हात एक किलोवॅट महिन्याला सुमारे १२० युनिटे देते. ज्यांचा वापर वर्षभर ३०० च्या पुढे असतो, म्हणजे एसी, घरची पिठाची गिरणी, बोअरची मोटार असलेली घरे, त्यांना ही गुंतवणूक परवडते. गृहज्योतीत शून्य बिल येणाऱ्या घराने मात्र तेच पैसे आधी चुना, जाळी, वॉशर आणि मोटारीच्या स्विचवर घालावेत.