ट्रॅक्टरचा वॉटर पंप: गळती ओळखा, पंप बदला

इंजिन तापायला लागलं की आधी वॉटर पंपाच्या बॉडीखालचं बारीक भोक पाहा. तिथून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ठिबकत असेल तर आतला सील गेला आहे. ते भोक एम-सीलने बुजवू नका. बुजवलं तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जाम होतो. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा, पुली हाताने हलवून पाहा. खेळ किंवा खरखर जाणवली तर पंप बदलाच.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. खालच्या कॉकमधून कुलंट काढा, पंप सोडा, जुनं गॅस्केट (पंप आणि ब्लॉकमधली गळती रोखणारी पातळ चकती) हलक्या हाताने खरवडा. ब्लॉकवर खोल ओरखडा पडला तर नवं गॅस्केटही गळतं. नवा पंप बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. बेल्ट मधोमध अंगठ्याने साधारण १०–१२ मिमी दबावा. फार ताणला तर नवं बेअरिंगही लवकर जातं.

कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं (तयार मिश्रण असेल तर पाणी नको). बोअरचं पाणी तर नकोच, क्षारांनी नळ्या बुजतात. झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कुलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडून बुडबुडे थांबले की पातळी पुरी करून झाकण लावा.