‘लिंक नाही’ म्हणण्याआधी: पायथॉनमध्ये साइटच्या नावावरून आयपी पत्ता कसा शोधावा

पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा हवा असतो आणि नेमकी तेव्हाच सेवा केंद्रात साइट उघडत नाही. बाकावरचे काका विचारतात, “काहून भाऊ, निंगत नाही काय?” आतून ठरलेलं उत्तर: “लिंक नाही जी.” बिघाड मात्र वेगवेगळे असू शकतात. लाइनच बंद असेल, साइटच्या नावाचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तिचा आकडी पत्ता) सापडत नसेल, किंवा पत्ता सापडूनही तिथवर पोचता येत नसेल. यातलं कोणतं, ते पायथॉनच्या पाच-सात ओळींत कळतं. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, नेटवर्कच्या कामाचं सॉकेट मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं.

फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहायची.

आधी ‘इम्पोर्ट सॉकेट’. मग सॉकेट डॉट गेटहोस्टबायनेम, आणि कंसात अवतरणचिन्हं देऊन साइटचं नाव. नुसतं नाव हं! पुढचं एचटीटीपीएस आणि मागच्या तिरप्या रेघा काढून टाका; नवशिके बहुधा इथेच अडकतात. टिंबांनी जोडलेले चार आकडे आले म्हणजे पत्ता मिळाला.

पण हे फंक्शन फक्त आयपीव्ही४, म्हणजे असे चार आकड्यांचे जुन्या पद्धतीचे पत्ते जाणतं. खेड्यात बरंचसं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं आणि तिथे आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब पत्ते, सर्रास असतात. म्हणून गेटॲडरइन्फो वापरा, ‘ॲडर’चं स्पेलिंग ए-डी-डी-आर. त्याला नाव आणि पोर्ट ४४३ (एचटीटीपीएस साइटचं नेहमीचं दार) द्या. उत्तरात यादी येते. यादीतल्या प्रत्येक नोंदीचे पाच भाग असतात, आणि शेवटच्या भागातली पहिली गोष्ट म्हणजे पत्ता. लिनक्सवर एकच पत्ता तीनतीनदा दिसेल, कारण टीसीपी, यूडीपी आणि रॉ या जोडणीच्या प्रकारांच्या नोंदी वेगळ्या येतात. घाबरायचं कारण नाही.

खरी माहिती मिळते ती चुकीच्या संदेशातून. नाव सापडलं नाही की गेएरर येतो, स्पेलिंग जी-ए-आय-एरर. तो ट्राय-एक्सेप्टमध्ये (पायथॉनची चूक झेलायची रचना) पकडून छापा. लिनक्सवर उणे २ म्हणजे असं नावच माहीत नाही: स्पेलिंग तपासा. उणे ३ म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरकडून तूर्तास उत्तर नाही: राउटर, लाइन बघा. विंडोजवर मात्र दोन्ही वेळा ११००१ च दिसू शकतो. तिथे दुसरं एखादं नेहमीचं नाव शोधून बघा. तेही सापडलं नाही तर दोष तुमच्याकडचा. लाइन मेलेली असताना हा शोध बराच वेळ लटकतो आणि सॉकेटचा टाइमआउट (किती सेकंद थांबायचं ती मर्यादा) त्याला लागू होत नाही, तेवढा धीर धरा.

पत्ता आला, तरी साइट उघडत नाही? प्रत्यक्ष जोडणी करून बघणाऱ्या क्रिएट अंडरस्कोर कनेक्शनला नाव-पोर्टची जोडी आणि टाइमआउट ५ द्या. इथे अडलं तर नावाचा प्रश्न नाही, अडथळा पुढे आहे.

उलटा शोध, म्हणजे पत्त्यावरून नाव, गेटहोस्टबायॲडर करतं. त्याला ८.८.८.८ दिलं की ‘डीएनएस डॉट गूगल’ मिळतं. पण त्यावर फार विसंबू नका. उलटी नोंद पत्त्याचा मालक ठेवतो आणि अनेकजण ठेवतच नाहीत. एकाच पत्त्यावर शेकडो साइट असल्या तर तुम्ही शोधलेलं नाव परत येईलच असंही नाही.

एक गंमत राहिली. पत्ता शोधायची एनएसलुकअप ही कमांड बरोबर पत्ता दाखवते आणि पायथॉन भलताच, असं झालं तर होस्ट्स नावाची फाइल उघडा; तिच्यात नाव-पत्त्याच्या जोड्या हाताने लिहिलेल्या असतात. एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतं. पायथॉन ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, आणि ती सहसा आधी ही फाइल बघते. लिनक्सवर ती ईटीसी फोल्डरात असते, विंडोजवर सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या ईटीसीत. कोणीतरी कधीकाळी टाकलेली जुनी ओळ दिसली तर पुसू नका, तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) लावा म्हणजे ती वाचली जाणार नाही, फाइल सेव्ह करा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा.