चालत्या गाडीत व्होल्टेज नाचतंय? अल्टरनेटर उतरवण्याआधी अर्थिंग बघा

कॅराव्हॅनचा मीटर धावताना 12.3 ते 14.6 असा खालीवर व्हायला लागला की बहुतेक जण थेट अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) उतरवतात. कोल्हापूरच्या पावसात चाललेल्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचं मायनस, चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि इंजिन जोडणाऱ्या वायरींवर घ्यावा. इथले आकडे 12 व्होल्टचे आहेत. मोठ्या चासीवर 24 व्होल्ट असतील तर बॅटरी आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरा.

आधी हा दोषच आहे का ते ठरवा. बऱ्याच बीएस-6 डिझेल गाड्यांत चार्जिंगचा ताबा ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) असतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की व्होल्टेज 14.8 च्या आसपास चढतं, आणि तोच घाट चढताना इंजिनवरचा भार हलका करायला साडेबारापर्यंतही उतरतं. चढउतारासोबत हलणारा आकडा बिघाड नव्हे. थंड इंजिन सुरू केल्यावर हीटर प्लग करंट ओढतात, तेव्हा पडणारा आकडाही नव्हे. कागलकडे सपाट हायवेवर एकाच वेगात जाताना किंवा खड्ड्यात चाक आदळल्यावर काटा उडी मारतो, तो मात्र दोष.

सिगारेट सॉकेटमधल्या मीटरवर भरवसा ठेवू नका. ब्लोअर चालू असला की तिथे दोन-तीन दशांश कमीच दिसतात. मल्टिमीटर थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांना लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 हवेत. 12.2 च्या खाली असेल तर आधी बाहेरच्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी येतात.

आता खरी तपासणी. इंजिन 1500 आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. एक पिन अल्टरनेटरच्या मुख्य प्लस नटवर, दुसरी बॅटरीच्या प्लस खुंटावर: 0.3 व्होल्टच्या आत यायला हवं. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी मायनस खुंटावर: 0.2 च्या आत. तारा पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा. आकडा जास्त आला तर एक पिन जागेवर ठेवून दुसरी एकेक सांध्यावरून सरकवत न्या: खुंट, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी), चासी, इंजिन. ज्या सांध्यावर आकडा उडी घेतो तोच खराब. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन-चासी अर्थ पट्टी हमखास बघा.

इंजिन बंद करून मायनस काढा आणि त्या सांध्याचा नट सोडा. लगखाली रंगाचा थर, त्यावर तपकिरी गंज आणि कडेला हिरवी भुकटी सापडेल. वायरचं कव्हर बोटभर सोला. आतलं तांबं काळं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. चासी पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा, नवा लग क्रिम्परने दाबा, स्टार वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. हातोडीने चपटा केलेला लग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सैल होतो.

सांधे ठीक निघाले तरच अल्टरनेटर. बेल्टची आतली बाजू काचेसारखी चमकते का, बघा. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारा भाग) गेली. व्होल्टेज सतत 15 च्या वर राहिलं तर ते मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर गेला. गरम झाल्यावर चार्जिंग येत-जात असेल तर बहुधा अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेत. उद्यमनगरात बेंचवर तपासून घेताना लोड टाकूनच घ्या. आणि चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनामो चेक" करायची जुनी पद्धत कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्याने डायोड आणि ईसीयू जातात.

कॅराव्हॅनचा खास दोष मागच्या, म्हणजे राहण्याच्या भागातल्या बॅटरीचा. ती पुढच्या बॅटरीला आपोआप जोडणारा स्विच, म्हणजे चार्जिंग रिले, साधारण 13.3 ला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. तो मागे बसवलेला असेल आणि पुढून येणारी वायर बारीक असेल, तर जोडताच व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, पुन्हा जोडतो. कान दिलात तर टकटक ऐकू येते. 6 चौरस मिलीमीटरच्या वायरमध्ये जाऊन-येऊन 12 मीटर अंतरात 30 अँपिअरला एक व्होल्ट खर्च होतो. 16 च्या वायरमध्ये तो 0.4 वर येतो. रिले पुढच्या बॅटरीजवळ आणा. मागे लिथियम असेल किंवा चार्जिंग ईसीयूकडे असेल तर रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जर (मागच्या बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज देणारा) बसवा, दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज घाला. पुढच्या बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असल्यास मागची अर्थिंग खुंटावर न देता चासीवर द्या, नाहीतर ईसीयूचा हिशेब चुकतो आणि काटा पुन्हा नाचायला लागतो.