बाळंतिणीची मालिश: या चुका टाळा, निदान पोटरीवाली तरी

मी मालिशवाल्या बायकांचा रिफ्रेशर कोर्स घेते, त्याच्या प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच तासाला कोणीतरी विचारतंच, ताई प्रेशर पॉइंट कधी शिकवणार? अगं, हात कुठे लावायचा नाही ते तर आधी शीक.

सुजलेली पोटरी रगडणं, याच्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं, कारण मी स्वतः ते केलंय. इंदूरला रामबागेत एक बाळंतीण होती, सीझर होऊन बारावा दिवस, डावा पाय सुजलेला. सासूबाई दारातच उभ्या, पाय अवघडलाय हो, जरा जोर लावून रगडा. मी पण तेल गरम करून बसले, दोन हात मारले आणि लक्षात आलं की ही पोटरी उजवीपेक्षा गरम लागतेय. थांबले, घरातली ब्लाउजच्या मापाची टेप मागितली, मोजलं तर साडेतीन सेंटीमीटरचा फरक. सासूबाई म्हणे, तुम्ही मालिशवाल्या की शिंपीण? संध्याकाळी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली, शिरेत गुठळी निघाली. ते दोन हात आठवले की अजून पोटात गोळा येतो, कारण गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं.

गरोदरपणात रक्त लवकर गोठतं आणि बाळंतपणानंतरचे पहिले 6 आठवडे सगळ्यात धोक्याचे, म्हणजे आपला मालिशीचा सव्वा महिना नेमका त्यातच. बहुतेक वेळा डावाच पाय, कारण तिथली मोठी शीर उजव्या बाजूच्या धमनीखाली दबते. आता टेप माझ्या पिशवीतच असते, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी खाली मोजायचं. 3 सेंमीच्या वर फरक डॉक्टरही संशयाचा धरतात, पण फरक कमी असून एकच पाय दुखत असला तरी मी हात लावत नाही. त्या दिवसाचे पैसे जातात, जाऊ देत.

दुसरी चूक गरोदर बाईच्या मालिशीतली, नुसते महिने विचारणं. "पाचवा" म्हणजे पाचवा लागला की पाच झाले? घरातल्या तिघीजणी तीन उत्तरं देतात. फाइल बघा, आठवडे मोजा. 20 आठवड्यांनंतर बराच वेळ उताणं झोपवायचं नाही, गर्भाशयाच्या वजनाने मोठी शीर दबते, चक्कर येते. कुशीवर घ्या, पोटाखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. उशा लावायला पाच मिनिटं लागतात आणि नव्या मुलींना तेवढाही धीर नसतो, दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट मात्र फ्रेम करून लावतात!

चेहरा सुजला, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे: मालिश बंद, लगेच दवाखाना. हे बाळंतपणानंतरही होतं.

टाक्यांवर तेल नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.

छातीत गाठ आली तर जोरात दाबून दूध काढू नका, सूज वाढते.

बाळाच्या कानात-नाकात तेल घाला म्हणून आजी मागे लागतील, नाही म्हणा. टाळू भरायचा हट्टच असेल तर तेलाचं बोट हलकं फिरवा, दाबू नका.