दसरा झाला की उभ्या कॅक्टसचं बी टाका

मंडळी, घट उठले, दसरा झाला, आता आपल्याकडं हायब्रीड उभ्या कॅक्टसचं बी टाकायची वेळ झालीय. दरवर्षी मला फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन येतात, दादा बी आणलंय कधी टाकू, आणि दरवर्षी मला सांगावं लागतं की चार महिने उशीर झाला. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओत सगळीकडं मार्च-एप्रिलला पेरा असं सांगतात. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे, कारण त्यांचा वैरी हिवाळा, बर्फ पडायच्या आत रोपाला सहा-सात महिने वाढायला मिळावेत असा त्यांचा हिशोब. आपला वैरी पावसाळा आहे. मी मावळात जरबेराच्या पॉलीहाऊसच्या एका कोपऱ्यात ही रोपं करतो, इथं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकं पाणी असतं की वरून थेंबही न पडता रोप कुजतं. म्हणून पेरणी पावसाकडून उलटी मोजायची. पहिला पाऊस येईल तेव्हा रोप निदान आठ महिन्यांचं, अंगठ्याएवढं आणि काटे धरलेलं पाहिजे. जूनमधून आठ महिने मागं या, थेट ऑक्टोबरात येऊन पोचता.

मी हे शिकलो ते नुकसान करूनच. पहिल्या वर्षी मार्च संपताना चारशेच्या आसपास बी टाकलं, उगवण झक्कास झाली, एप्रिल-मेच्या उन्हात रोपं लाल पडून जागच्या जागी थांबली, आणि जूनच्या पहिल्या झडीत दहा-बारा दिवसांत सगळी बुडातून पारदर्शक होऊन आडवी झाली, हातात राहिली तीसेक. दुसऱ्या वर्षी तेच बी कोजागरीच्या आसपास टाकलं, तर पावसाळा संपताना निम्म्याहून जास्त रोपं जिवंत होती. बी तेच, माती तीच, माणूसही तोच, फक्त महिना बदलला.

आता नेमकं कोणतं कॅक्टस ते सांगतो, कारण आपल्याकडं निवडुंग म्हटलं की लोक कुंपणाचा त्रिधारी आणि शेरही त्यातच धरतात. ते कॅक्टस नाहीत, तोडल्यावर दुधासारखा चीक येतो ते युफोर्बियाचं घराणं. मी बोलतोय ट्रायकोसेरियस हायब्रीडबद्दल, ज्यांना नर्सरीत टॉर्च कॅक्टस म्हणतात, खांबासारखे वाढतात आणि लाल, केशरी, गुलाबी, पिवळी, वीतभर रुंदीची फुलं देतात. यांचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, यातली ग्रँडिफ्लोरस ही जात तर अर्जेंटिनाच्या कातामार्का भागातली. पाकिटावर कधी ट्रायकोसेरियस लिहिलेलं असतं तर कधी एकिनॉप्सिस, त्यात घाबरू नका, १९७४ साली फ्रीडरिख या शास्त्रज्ञानं हे सगळे एकिनॉप्सिसमध्ये घातले होते आणि पुढं अभ्यासकांनी परत वेगळे काढले, म्हणून दोन्ही नावं चालतात. एक गोष्ट मात्र सांभाळा, याच गटातल्या काही जातींत मेस्कलिन हा नशेचा पदार्थ असतो आणि तो आपल्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतो, त्यामुळं फुलांसाठीच्या टॉर्च जातींवरच थांबा आणि आई-बापाची, म्हणजे ज्या दोन झाडांच्या संकरातून बी झालं त्यांची नावं विचारूनच बी घ्या.

बी ताजं घ्या. चांगलं बी काळं, चकचकीत, खसखशीपेक्षा थोडं मोठं असतं. ऑनलाईन जांभळ्या, निळ्या, इंद्रधनुषी कॅक्टसचे फोटो लावून पाकिटं विकतात, फोटोतलं तसलं भडक कॅक्टस त्यातून येत नाही, एका ओळखीच्यानं मागवलेल्या अशा पाकिटातून चक्क गवत उगवलं होतं. परदेशातून मागवायचं असेल तर इम्पोर्ट परमिट आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) दोन्ही लागतं, साध्या पाकिटात लपवून मागवू नका, बी जप्त होतंच आणि सोबत एखादा नवा रोग आपल्या तालुक्यात येऊ शकतो.

माती म्हणजे काळी माती अजिबात नको. माझं मिश्रण असं: चाळलेलं आणि तीनदा धुतलेलं कोकोपीट एक भाग, आणि धुतलेली जाड वाळू, चाळलेला मुरूम, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) यातलं जे मिळेल ते दोन भाग. वाळू आणली की काचेच्या बाटलीत पाण्यात घालून हलवायची, पाणी पाच मिनिटांनी पण गढूळच राहिलं तर त्यात गाळ आहे, अजून धुवा. शेणखत, गांडूळखत पेरणीच्या मिश्रणात घालू नका हो, कितीही चांगलं असलं तरी त्यात चिलटांची अंडी आणि बुरशी दोन्ही येतात, खत नंतर आहेच की. मिश्रण ओलसर करायचं, म्हणजे मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, मग स्टीलच्या डब्यात भरून कुकरमध्ये अर्धा तास शिजवायचं आणि झाकण न उघडता रात्रभर गार होऊ द्यायचं. पुष्कळ जण हे टाळतात आणि नंतर बुरशीनाशकावर पैसे घालवतात.

पेरणीला मी पारदर्शक झाकणाचे पार्सलचे प्लॅस्टिक डबे वापरतो, पाचशे मिलीच्या एका डब्यात पन्नास-साठ बिया पुरे. बुडाला भोकं पाडायची, चार-पाच सेंटिमीटर मिश्रण भरायचं, डबा पाण्याच्या ताटात ठेवून खालून भिजू द्यायचा. बी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये (हे मेडिकलमध्ये मिळतं) दहा मिनिटं ठेवून उकळून गार केलेल्या पाण्यात धुतलं की वरची बुरशी बरीच कमी होते. मग कोरड्या कागदावर घेऊन वरून भुरभुरवायचं, आणि हे नीट ऐका, बी झाकायचं नाही. ज्वारी-गव्हासारखं मातीआड केलं तर उगवणार नाही, या बीला उगवायला उजेड लागतो. नुसतं हलक्या हातानं दाबा, झाकण लावा, डबा झिप पिशवीत घाला.

पाण्याबद्दल थोडं जास्त बोलतो कारण चुका इथंच होतात. बोअरचं आणि उसाच्या पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी क्षारांचं असतं, त्यानं मातीवर पांढरी साय येते आणि रोपाची मुळी जळते. आत्ता परतीच्या पावसाचं पाणी मिळतंय, स्वच्छ पत्र्यावरून किंवा पॉलीच्या गटरमधून पहिली सर सोडून दिल्यावर जे येतं ते चार-पाच कॅनमध्ये भरून झाकून सावलीत ठेवा, शे-दोनशे डब्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरतं. ते नसेल तर आरओचं चालेल, पण आरओमधून बाजूला पडणारं पाणी नको, क्षार सगळे त्यातच असतात.

डबे ठेवायची जागा उजेडाची पण उन्हाची नाही. बंद डब्यावर ऑक्टोबरचं ऊन अर्धा तास जरी पडलं तरी आत बी अक्षरशः शिजतं. २५ अंशांच्या आसपास उगवण सगळ्यात चांगली, ३५ च्या वर घसरते. मी शेडनेटच्या दुहेरी सावलीत ठेवतो, घरातल्या लोकांनी साधी २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब वीतभर अंतरावर लावून दिवसाला चौदा तास चालू ठेवली तरी मस्त होतं. सहाव्या-सातव्या दिवसापासून हिरवे मणी दिसायला लागतात, पंधरा दिवसांत बहुतेक उगवलेलं असतं, राहिलेलं बी महिनाभर फेकू नका. मणी लालसर-तपकिरी झाले तर उजेड जास्त होतोय, लांबुडके आणि फिके होऊन वाकले तर कमी पडतोय. एखादं रोप पूर्ण पिवळं किंवा पांढरं निघतं, त्यात हरितद्रव्य नसतं, ते स्वतःच्या मुळावर जगत नाही, कलम केलं तरच टिकतं.

मग येतं रोप कोलमडणं. एका रोपाचं बूड पाणचट दिसलं की ते आणि आजूबाजूची चार रोपं चमच्यानं मातीसकट उचलून बाहेर काढा, लगेच, संध्याकाळी बघू असं नाही. डबा थोडा उघडा करा आणि कॅप्टन हे बुरशीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून खालून द्या. पुष्कळ जण सवयीनं कार्बेन्डाझिम हे दुसरं बुरशीनाशक मारतात, ते पिथियमवर, म्हणजे ओल्यात बूड कुजवणाऱ्या रोगावर, चालत नाही, आणि आपल्या ओल्या हवेत बऱ्याचदा तोच असतो. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरणाऱ्यांनी रासायनिक बुरशीनाशक त्यासोबत देऊ नका, दोन्हीचे पैसे वाया जातात. बारीक काळी चिलटं उडताना दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा, चिलट काही करत नाही पण तिची अळी मातीत राहून कोवळी मुळी खाते आणि आपण बुरशीला दोष देत बसतो.

काटे दिसायला लागले की, म्हणजे साधारण महिना-दीड महिन्यानं, पिशवी काढायची आणि झाकण रोज थोडं थोडं सरकवायचं. एकदम काढलं तर दोन दिवसांत आकसतात. डिसेंबर-जानेवारीत इकडं रात्री १० अंशांपर्यंत उतरतात, वाढ थांबल्यासारखी होते, काळजी करू नका पण पाणी निम्म्यावर आणा, थंड आणि ओलं दोन्ही एकत्र नको. डबे रात्री घरात घेतलेत तर अजून चांगलं. मातीवर हिरवं शेवाळ धरलं तर पाणी जास्त होतंय असं समजा आणि वरून चिमूटभर जाड वाळूचा थर द्या.

संक्रांत झाली की दिवस मोठे होतात तशी रोपं एकदम धाव घेतात. फेब्रुवारीत हरभऱ्याएवढी झालेली रोपं वेगळी करायची, काडीनं मुळासकट उचलायची, मुळी तुटली तर तीन-चार दिवस सावलीत कोरडी ठेवून मग लावायची, आणि लावल्यावरही आठवडाभर पाणी नाही. हा आठवडा लोकांना निघत नाही, हात शिवशिवतात. आता मिश्रणात थोडं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत चालेल, आणि महिन्यातून दोनदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, जास्त नाही, नत्रानं फुगलेलं रोप पावसाळ्यात पहिलं जातं. एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेट, विदर्भ-मराठवाड्यात ७५ टक्के आणि पाणी संध्याकाळीच. या दिवसांत लाल कोळी येतो, शेंड्याजवळ गंजल्यासारखा तपकिरी डाग पडला की भिंग घेऊन बघा, तो डाग रोपावरून कधीच जात नाही. पिठ्या ढेकूण मुळाशीही असतो, कुंडी काढल्यावर पांढरी बुकटी दिसली तर सगळी माती झटकून मुळं धुऊन नवीन मातीत घ्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळी रोपं पारदर्शक छताखाली आली पाहिजेत, बाजू उघड्या, ट्रेमध्ये बोटभर अंतर, जमिनीपासून वर स्टँडवर. जून ते सप्टेंबर खत बंद, आणि पाणी फक्त रोप जरा मऊ लागलं तर आणि पुढं दोन-तीन दिवस उघडीप असेल तर. पंखा असेल तर नक्की लावा, औषधापेक्षा वारा जास्त कामाचा आहे हे मी दर वर्षी बघतो. कोकणात आणि गोव्यात पेरणी दिवाळीनंतर केली तरी चालते कारण हिवाळा उबदार असतो आणि वाढ थांबत नाही, पण तिथं पंख्याशिवाय पावसाळा काढायचा विचारच करू नका. सांगोला, जत, आटपाडीकडं जूनपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस सांभाळायचा असतो, तिकडं बी नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाका.

आता नावाचं. या हायब्रीडचे आई-बाप स्वतःच आधीचे संकर असतात, त्यामुळं एका फळातल्या शंभर बियांतून शंभर वेगळी झाडं येतात, एकाला लाल फूल तर शेजारच्याला फिकट गुलाबी, कुणाला काटे दाट तर कुणाला नुसती लव. फूल बघायला तीन ते पाच वर्षं थांबावं लागतं. म्हणून रोप विकताना आईचं नाव लावून विकू नका, आई आणि बाप दोन्ही लिहा, आईचं आधी, आणि पुढं रोपाचा नंबर. नावाजलेल्या जातीचं तेच झाड हवं असेल तर ते फक्त फाट्यापासून, म्हणजे त्याच झाडाची फांदी कापून लावून होतं, बियांपासून नाही. गिऱ्हाईक पाच वर्षं पाणी घालून वेगळंच फूल बघतं तेव्हा त्याचा आपल्या सगळ्यांवरचाच विश्वास उडतो.

आणि ज्यांच्याकडं फुलणारी दोन वेगळी झाडं आहेत त्यांनी पुढच्या दसऱ्याचं बी घरीच करा. एकाच झाडाचा पराग त्यालाच बहुतेक वेळा लागत नाही, आणि एकाच झाडाचे दोन फाटे म्हणजे पण एकच झाड. उन्हाळ्यात फूल रात्री उघडतं आणि दिवसभरात मिटतं, त्यामुळं पहाटेच ब्रश घेऊन जायचं, बापाचा पराग आईच्या मधल्या चांदणीवर लावायचा, फुलाला मलमलची पिशवी बांधायची नाहीतर मधमाशा आपलं काम आपल्याआधी करून जातात. बाप आधी फुलला तर पराग कागदाच्या पुडीत सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवा. दीड-दोन महिन्यांत फळ फुटतं, मुंग्या आणि बुलबुल लागायच्या आत काढा, गर चाळणीत धुऊन बी सावलीत आठवडाभर वाळवा, आणि पुडीवर आई, बाप आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, मार्करची शाई उन्हात उडून जाते.