केंद्र सरकारचा आदेश खरा की अफवा? राजपत्र शोधायचे आणि वाचायचे कसे

फेब्रुवारी 2024. रविवारी, 18 तारखेला, कांद्याची निर्यातबंदी उठल्याचा मजकूर फोनवर फिरायला लागला. सोमवारी सकाळी सोलापूरच्या मार्केट यार्डात आमच्या आडतीच्या पायरीवर मोहोळकडचे एक शेतकरी उभे. "मालक, बंदी उठली म्हणं की ओ. माल आज काढू का थांबू?" मालकांनी माझ्याकडे बघितले. मी तिथे हिशेब लिहितो, आणि कॉम्प्युटर माझ्याच टेबलावर असतो. मी केंद्राच्या राजपत्राची साइट उघडली, वाणिज्य मंत्रालयाची आदल्या तीन दिवसांची पाने चाळली. कांद्याचा उल्लेखही नव्हता. दिवसभर भाव मात्र चढले. मंगळवारी, 20 तारखेला, केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितले की बंदी उठलेली नाही, 31 मार्चपर्यंत ती आहे तशीच आहे.

हे शोधायला मला पाच मिनिटे लागली होती. कुणालाही तेवढीच लागतील. लॉगिन नाही, फी नाही, वकील नाही.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. केंद्र सरकारचे नियम, आदेश, अधिसूचना ज्यात अधिकृतपणे प्रसिद्ध होतात ते म्हणजे 'भारताचे राजपत्र', बोलताना गॅझेट. अलीकडे आपल्याकडे 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द घरोघरी पोचला, पण ते गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ. सोलापूर जिल्ह्याचे जुने गॅझेटियर 1884 चे आहे. त्यात गावे, पिके, बाजार सापडतील, आदेश सापडणार नाहीत. आणि लग्नानंतरच्या नावबदलासाठी लोक धावतात ते बहुधा महाराष्ट्र शासन राजपत्राकडे. तेही वेगळे, राज्याचे. राज्याचे शासन निर्णय, आपण ज्यांना जीआर म्हणतो, ते तर तिसऱ्याच साइटवर असतात. म्हणून शोधायला बसण्याआधी पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: हा निर्णय दिल्लीचा आहे की मुंबईचा? निम्मे लोक चुकीच्या दारात उभे राहतात आणि 'सापडत नाही' म्हणून परत जातात.

राजपत्राला एवढे महत्त्व का? लोकांना कळवल्याशिवाय त्यांच्यावर कायदा लादता येत नाही, म्हणून. 1951 मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे जयपूर संस्थानाचा अफूबाबतचा कायदा आला होता. मंत्रिमंडळाने ठराव करून तो केला, पण राजपत्रात किंवा इतर कुठल्याही मार्गाने लोकांपुढे आणलाच नाही. न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मंत्र्याने पत्रकार परिषदेत सांगितले, टीव्हीवर पट्टी फिरली, एवढ्याने काम भागत नाही ते यामुळेच.

आता हे पान तयार कसे होते ते थोडक्यात. संबंधित मंत्रालय मसुदा करते, विधी मंत्रालय तो तपासते, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर तयार होतात, अधिकाऱ्याची सही होते आणि मजकूर मुद्रणालयाकडे जातो. दिल्लीत मायापुरीला रिंग रोडवर भारत सरकारचे मुद्रणालय आहे. तिथून पान अपलोड होते आणि प्रकाशन नियंत्रकाच्या नावाने प्रसिद्ध होते. 1 ऑक्टोबर 2015 पासून कागदी छपाई बंद आहे. साइटवर चढले तो दिवस म्हणजे प्रसिद्धीचा दिवस.

नुसता दिवसच नाही, वेळसुद्धा. 16 फेब्रुवारी 2019 रोजी, पुलवामा हल्ल्यानंतर, पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर 200 टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना रात्री 8 वाजून 46 मिनिटे 58 सेकंदांनी अपलोड झाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्यांनी अटारीला कागदपत्रे दाखल केली होती, त्यांच्याकडूनही वाढीव शुल्क मागितले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2020 मध्ये निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने लागला: पान चढण्याआधीच्या व्यवहाराला ते पान लागू नाही. आडतीवर बसणाऱ्या माणसाला हा निकाल लगेच पटतो. लिलाव झाल्यावर भाव बदलत नाही.

शोधायचे कसे

ब्राउझरमध्ये ईगॅझेट डॉट जीओव्ही डॉट इन उघडा. पहिल्याच पानावर नुकतीच चढलेली असाधारण आणि साप्ताहिक राजपत्रे दिसतात. तुम्हाला हवा असलेला आदेश बहुतेक वेळा असाधारणमध्येच असतो. 'असाधारण' म्हणजे भयंकर काही नाही, आठवड्याच्या अंकाची वाट न बघता काढलेले एवढेच.

ताजे नसेल तर शोधाच्या पर्यायात मंत्रालय आणि तारीख द्या. बातमीत जी तारीख असते तिच्या एक-दोन दिवस आधीपासून दोन-तीन दिवस पुढेपर्यंत बघा. मंत्रालय ओळखणे हीच खरी अडचण. कांद्याचे म्हणून कृषी मंत्रालयात शोधाल तर हात हलवत याल. निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालयाकडून येते, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाकडून, महामार्गाचे भूसंपादन रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून.

मग खण ओळखायचा. राजपत्राचे भाग, खंड, उपखंड असतात. सगळे पाठ करायची गरज नाही. भाग 2 खंड 1 मध्ये संसदेने केलेले कायदे. भाग 2 खंड 3 हा सगळ्यात गजबजलेला. त्याच्या उपखंड एकमध्ये नियम येतात, त्यांच्या क्रमांकाआधी 'सा.का.नि.' किंवा इंग्रजीत 'जी.एस.आर.' असते. उपखंड दोनमध्ये आदेश आणि अधिसूचना, तिथे 'का.आ.' किंवा 'एस.ओ.'. भाग 3 खंड 4 मध्ये वैधानिक संस्थांचे विनियम, आणि भाग 4 मध्ये खाजगी व्यक्तींच्या जाहिराती, नावबदल वगैरे. 19 ऑगस्ट 2023 ला, शनिवारी, कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागले ते उपखंड एकमधले काम. 7 डिसेंबरला बंदी आली ती उपखंड दोनमधली. कांदा तोच, खण दोन.

वाचायचे कसे

पान उघडले की घाबरू नका. वर हिंदी, खाली इंग्रजी, मराठी नाही. डोक्यावर एक लांब क्रमांक दिसेल: 'सीजी-डीएल-ई-07122023' आणि पुढे आणखी आकडे. सीजी म्हणजे केंद्राचे गॅझेट, डीएल म्हणजे दिल्ली, ई म्हणजे असाधारण, मधले आठ आकडे म्हणजे तारीख. हा क्रमांक जपून ठेवा. पुढच्या वेळी मंत्रालय, तारीख काही न देता एवढा टाकला की पान येते.

तारखेशेजारी शके 1945 वगैरे दिसते आणि मंडळी बुचकळ्यात पडतात. 7 डिसेंबर 2023 ला राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे अग्रहायण 16 होता. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र अजून कार्तिक वद्य चालू होता. हे दोन पंचांग जुळवायच्या भानगडीत पडू नका, इंग्रजी तारीख धरा.

मजकुरात तीन गोष्टी बोट ठेवून वाचाव्या. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने हा अधिकार वापरला आहे. लागू कधीपासून. आणि सूट कोणाला. तिसरी गोष्ट बातमीत हमखास गळते. बंदीच्या त्या अधिसूचनेत, ज्यांचा माल आधीच जहाजात चढायला लागला होता किंवा सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेला होता, त्यांना ठरावीक मुदतीपर्यंत वाट मोकळी ठेवली होती. ज्याचा कंटेनर बंदरात उभा असतो त्याला बंदीच्या मथळ्यापेक्षा ही ओळ जास्त कामाची.

दुरुस्ती करणारी अधिसूचना असेल तर शेवटी बारीक अक्षरात टीप असते: मूळ नियम कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने आले आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. या टिपेचा धागा धरून मागे मागे जाता येते. मला तर पानातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो, कारण इथे सरकार स्वतःच स्वतःचा माग सांगते.

'लागू कधीपासून' याबद्दल आणखी एक. कायदा मंजूर होणे आणि लागू होणे वेगळे. बऱ्याच कायद्यांत लिहिलेले असते की सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवेल त्या दिवसापासून तो अमलात येईल. वेतन संहिता 2019 सालची, बाकीच्या तीन कामगार संहिता 2020 च्या. अमलात आल्या 21 नोव्हेंबर 2025 ला. विडी कामगार बायकांचे शहर म्हणून सोलापूरला या संहितांचा थेट संबंध, आणि मधली सगळी वर्षे इथे 'कायदा झाला ना, मग मिळत का नाही?' असे विचारले जायचे. उत्तर एका न निघालेल्या पानात होते.

आता फोनवर येणाऱ्या कागदाबद्दल. वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेची जी प्रत त्यांच्या साइटवर येते तिच्या वरच लिहिलेले असते, 'भारताच्या असाधारण राजपत्रात प्रसिद्ध करण्यासाठी'. म्हणजे ही मंत्रालयाकडची प्रत, राजपत्राचे पान नव्हे. ती खोटी असेलच असे नाही, पण खात्री राजपत्रातूनच करायची. अधिसूचना, सार्वजनिक सूचना, परिपत्रक, व्यापार सूचना हे चार वेगवेगळे कागद आहेत. धोरण बदलते ते अधिसूचनेने, बाकीचे कार्यपद्धती आणि खुलाशासाठी. राजपत्राच्या पीडीएफवर शेवटी डिजिटल सही असते आणि तिच्यात तारीख-वेळ असते. मोबाइलवर काही वेळा तिच्यावर प्रश्नचिन्ह दिसते. तेवढ्यावरून कागद बनावट ठरत नाही, शंका असेल तर साइटवरून स्वतः उतरवून घ्या.

जमिनीचे पान आले तर

इथे मात्र उशीर परवडत नाही. सुरत-चेन्नई महामार्गाच्या निमित्ताने अक्कलकोटकडच्या बऱ्याच घरांत '3 ए' आणि '3 डी' हे शब्द पोचले. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 च्या कलम 3 ए खाली सरकार राजपत्रात जमीन घेण्याचा इरादा जाहीर करते. त्याचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. पण हरकतीचे 21 दिवस मोजायचे ते राजपत्राच्या तारखेपासून. पेपर हातात पडेपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले असू शकतात.

पानाच्या तक्त्यात गाव, गट क्रमांक, जमिनीचा प्रकार, हेक्टरमध्ये क्षेत्र असते. गावाचे नाव हिंदी-इंग्रजीत चमत्कारिक लिहिलेले असू शकते, म्हणून नावापेक्षा गट क्रमांक शोधा आणि सातबाऱ्याशी क्षेत्र ताडून बघा. हरकत लेखी, कारणांसह, अधिसूचनेत नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. सुनावणीत स्वतः किंवा वकिलामार्फत बोलता येते. पुढे 3 डी ची घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन केंद्राकडे जाते. 3 ए नंतर वर्षभरात 3 डी आली नाही तर, न्यायालयाच्या स्थगितीचा काळ वगळून, 3 ए निकामी होते. म्हणून दोन्ही पाने सातबाऱ्याच्या फाइलीत लावून ठेवा.

त्या मोहोळच्या शेतकऱ्यांना मी 22 मार्चला स्वतः फोन केला. बंदीची मुदत 31 ला संपायची होती, ती त्या दिवशी 'पुढील आदेशापर्यंत' अशी वाढली. ते म्हणाले, "आणि तो पुढला आदेश कुठं येतो?" म्हटले, याच खणात. तो 4 मे रोजी आला: बंदी उठली, टनाला किमान 550 डॉलर भावाची अट घालून. माल भरायला घेण्याआधी त्यांना शेजारचा खणही बघायला सांगितले. तिथे 40 टक्के निर्यात शुल्क होते.